इर्शाळवाडी रिकामी झाली, शेजारच्या वाड्यांचं काय?

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आम्ही पनवेलची डोंगर भटकणारी मंडळी. इर्शाळगडाच्या नेढ्याकडे, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकाकडे, निघालं की वाट इर्शाळवाडीतून जायची. ठाकर आदिवासींची वस्ती. ओसरीवर टेकायचं, पाणी मागायचं, उतरताना जेवायला येतो म्हणून सांगून ठेवायचं. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या ओसऱ्यांवर डोंगर आला. 27 मृतदेह सापडले. 57 जण सापडलेच नाहीत आणि शोध थांबला. ती माणसं तिथेच आहेत. आता त्या वाटेला पाय वळत नाही.

वाचलेल्यांसाठी सिडकोने चौक गावाजवळ 44 पक्की घरं बांधली. चांगलं झालं. पण हे पत्र मागे उरलेल्या शेजाऱ्यांसाठी आहे.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं होतं. खालापूर, कर्जत, पनवेलच्या डोंगरांत अशा कितीतरी वाड्या चढावर बसल्या आहेत. कागदावर त्या खालच्या मोठ्या गावात धरल्या जातात. यादी गावाची निघते, दरड वाडीवर येते.

त्या रात्री जेसीबी वर चढला नाही, हवामानामुळे हेलिकॉप्टरही उपयोगी पडलं नाही. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे चिखल तुडवत वर गेले, पण तोवर सगळं होऊन गेलं होतं. तुम्ही मे महिन्यात चला. बरोबर भूवैज्ञानिक आणि तलाठी घ्या. कुठला झरा गेल्या पावसात गढूळ झाला, कुठलं झाड कललं, जमिनीला भेग कुठे पडली, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. वाडीनिहाय यादी करा आणि पावसाआधी ती चावडीवर लावा.

आणखी एक. "खाली चला" म्हटलं की लोक गप्प होतात. हट्टीपणा नाही तो. नाचणी-वरीची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, करवंदं, जळण, सगळं वर आहे. एकदा उतरलो की वनखातं परत पाऊल ठेवू देणार नाही, ही धास्ती आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे त्यांचे जंगलजमिनीचे दावे आधी निकाली काढा, मग घरांचे नकाशे दाखवा.

वाट दाखवायला आम्ही येऊ. पहाटे निघालं तर ऊन चढायच्या आत पोचता येतं.

आपला,
पनवेलचा एक डोंगरभटक्या