क्रमनिर्धारण कोणत्या पद्धतीने झाले, तेही छापावे

महोदय,

कोविडच्या साथीत ‘जनुकीय क्रमनिर्धारण’ (म्हणजे डीएनएतल्या रासायनिक अक्षरांचा क्रम वाचणे) हा शब्द घरोघरी पोहोचला आणि पुढे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाच्या बातम्यांतून तो पुन्हा वाचनात आला. मात्र डीएनए कोणत्या पद्धतीने वाचला, याचा उल्लेख बातम्यांत क्वचितच असतो. हा तपशील केवळ तज्ज्ञांच्या कामाचा आहे, असे मला वाटत नाही.

डीएनए वाचण्याची फ्रेडरिक सँगर यांची १९७७ची पद्धत मी विद्यार्थिदशेत स्वतःच्या हातांनी केली आहे. दोन काचांमधल्या फटीत जेल ओतताना बुडबुडा राहू नये म्हणून जीव मुठीत धरून बसावे लागे. मग एक्स-रे फिल्मवर उमटलेले चार रांगांतले काळे पट्टे एकाने पट्टी धरून खालून वर वाचायचे आणि दुसऱ्याने ए, सी, जी, टी अशी अक्षरे वहीत उतरवायची. दोन-तीनशे अक्षरे लागली, तरी कष्टाचे चीज झाल्यासारखे वाटे.

शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी केंब्रिजमध्ये मांडलेल्या कल्पनेतून पुढे आलेली यंत्रे आज कोट्यवधी तुकडे एकाच वेळी वाचतात. पण एका वाचनात साधारण दीडशेच अक्षरे हाती येतात आणि ती कुठली, हे संगणकाला जुळवून ठरवावे लागते. आरतीच्या कागदाचे बारीक कपटे केले आणि अनेक कपट्यांवर नुसते ‘जय देव जय देव’ एवढेच आले, तर ध्रुवपद किती वेळा होते हे कसे सांगणार?

मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजारात नेमके हेच होते. त्यात सीजीजी ही तीन अक्षरे दोनशेहून अधिक वेळा, म्हणजे सहाशेहून जास्त अक्षरांच्या पट्ट्यात, पुन्हा पुन्हा येतात. आमच्या नात्यातल्या एका मुलाच्या अहवालात ‘दोष आढळला नाही’ असे आले आणि घरच्यांनी पुढचा शोध थांबवला. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी या पुनरावृत्तीची वेगळी चाचणी करायला सांगितली, तेव्हा निदान झाले. अशा पुनरावृत्ती या पद्धतीत दिसत नाहीत, हे वाक्य पहिल्या अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक इंग्रजी टाइपात होते. त्या माउलीने ते वाचावे तरी कसे?

डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून ओढून विद्युतप्रवाहातल्या बदलावरून अक्षरे ओळखणारी नॅनोपोअर पद्धत हजारो अक्षरे सलग वाचते. मानवी जनुकसंच २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी त्यातला सुमारे ८ टक्के भाग अशा लांब वाचनांच्या आधारे २०२२ मध्ये भरून निघाला. अर्थात या पद्धतीत एकेका अक्षराची चूक पूर्वी बरीच होत असे, त्यामुळे तिच्याही बातमीत ही बाजू यायला हवी.

आपल्या वार्ताहरांनी पद्धतीचे नाव आणि तिला काय दिसत नाही, एवढी दोन वाक्ये बातमीत द्यावीत, ही विनंती. प्रयोगशाळांनीही तीच दोन वाक्ये अहवालाच्या पहिल्या पानावर मराठीत छापावीत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली