आभार, नाव न सांगता निघून गेलेल्यांचे

रविवारी नागपुरात बर्डीवर एकजण पिशवीत कोंबलेली चार पिल्लं विकत होता. पंखाच्या वर लाल डाग, म्हणजे मोठे पहाडी राघू, ढोलीतून ओढून काढलेले. पिल्लांच्या अशा चोरीनेही ही जात घटत चालली आहे. मी नुसती बघत उभी! पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने राघू पाळणंही गुन्हा, हे त्याला ठणकावणाऱ्या भाजीवाल्या मावशी, वनखात्याच्या १९२६ वर फोन लावणारा कॉलेजातला पोरगा आणि एक पैसा न घेता सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे वन्यजीवांच्या दवाखान्यात, नेणारे ऑटोवाले दादा, तुमचे मनापासून आभार. ऊन तर काय होतं बाप्पा! दादा, तुमचा दुपट्टा माझ्याकडेच राहिलाय, पिल्लांवर झाकलेला. मी दिसले की हाक मारा.