मॅच एक, शब्द दोन

संपादक महोदय,

परवा देवापुढे निरांजन लावताना नातीने आगपेटीवरचं ‘सेफ्टी मॅचेस’ वाचलं आणि विचारलं, ‘‘आजी, ही कोणाची मॅच?’’ काडी हातातच राहिली. मग शब्दकोश काढून दोघी बसलो.

हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. क्रिकेटची मॅच जुन्या इंग्रजीतल्या ‘जोडीदार, बरोबरीचा’ अशा अर्थाच्या शब्दातून आली. साडीवरच्या ब्लाउजपिसासाठी आपण ‘मॅचिंग सेंटर’मध्ये जातो, ते मॅचिंगही त्याच घरचं. काडीची मॅच मात्र जुन्या फ्रेंचमधून आली. तिथे तिचा अर्थ वात. जुन्या बंदुकीला बत्ती देणारी जळती दोरीही मॅचच; आपल्या तोड्याच्या बंदुकीतला तोडा तो हाच. पुढे 1827 मध्ये जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. कालांतराने वातीचं नाव काड्यांना चिकटलं आणि ‘मॅचेस’चं आपल्याकडे माचिस झालं. म्हणजे निरांजनातली वात आणि ती पेटवणारी माचिस, अर्थाने सख्ख्या बहिणीच! नातीला हे फारच आवडलं.

शाळेत मुलांकडून एका शब्दाचे चार अर्थ पाठ करून घेतात, ते कुठून आले हे मात्र सांगत नाहीत. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक धड्याखाली एकाच शब्दाची अशी जन्मकथा चार ओळींत द्यावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. आमच्या घरी आता रोज रात्री एक शब्द असतो. आज ‘बँक’ आहे, नदीकाठची आणि पैशांची.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा