छायाचित्र स्पर्धेत कॅमेऱ्याची अट कशाला?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

‘फक्त डीएसएलआरने काढलेली छायाचित्रे पाठवावीत, मोबाइलचे फोटो बाद’ ही अट छायाचित्र स्पर्धांच्या जाहिरातींत अजूनही दिसते. डीएसएलआर म्हणजे लेन्समागे आरसा असलेला कॅमेरा; मिररलेस कॅमेऱ्यात तो आरसाच नसतो. त्यामुळे ही अट अक्षरशः लावली तर आज बाजारात असलेले सर्वांत महागडे कॅमेरेही बाद ठरतील, हे आयोजकांच्या ध्यानात आलेले नसावे. दुसऱ्या टोकाला ‘कॅमेऱ्याला काय महत्त्व, नजर हवी’ हे वाक्य कार्यशाळांमध्ये टाळ्या घेते, आणि ते म्हणणाऱ्याच्या खांद्यावर बहुधा दोन-तीन लाखांची बॅग असते. दोन्हीकडून बोलणे सोपे जाते, कारण फोटो कशाचा हे कुणीच सांगत नाही. विषय कोणता, किती अंतरावर, कोणत्या उजेडात एवढे ठरले की साधन किती लागेल हे चक्क हिशेबाने काढता येते.

पक्ष्यांच्या बाबतीत वादाला जागाच नाही. पांढऱ्या छातीचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंटिमीटर भरतो. समजा तो तळ्याच्या पलीकडच्या काठावर, ३० मीटरवर बसला आहे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स फुल-फ्रेमच्या, म्हणजे ३६×२४ मिलिमीटरचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) असलेल्या कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ मिलिमीटरच्या आसपास असते. त्या अंतरावर त्याच्या चौकटीत अदमासे ४५ मीटर रुंदीचा देखावा मावतो. फोटो ४००० पिक्सेल रुंद धरला तर खंड्याच्या वाट्याला येतात जेमतेम २५ पिक्सेल, म्हणजे एक निळसर ठिपका. दोन बोटांनी झूम केले की तो ठिपकाच फुगतो, त्यात पिसे येत नाहीत. तेच ६०० मिलिमीटरची लेन्स लावली की चौकट १.८ मीटरवर येते आणि ६००० पिक्सेलच्या फाइलमध्ये पक्षी ९००हून जास्त पिक्सेल व्यापतो. इथे नजरेच्या गप्पा फोल आहेत. अर्थात ही लेन्स हातात आली म्हणून काम झाले असेही नाही. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० लागते, म्हणजे ते सेकंदाच्या एवढ्याच भागापुरते उघडावे लागते, आणि उन्हे तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागली की कितीही लाखांची लेन्स मऊ, विरघळल्यासारखाच फोटो देते. त्यावर उपाय दोनच: सकाळी लवकर जाणे, नाहीतर अंतर कमी करणे.

आता लग्नाचा हॉल घेऊ. साधनाचा आणि माहितगारीचा खरा संबंध तिथे उघडा पडतो. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, सगळे तीन-चार सेकंदांत आटोपते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची किट लेन्स ५५वर नेली की ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेडाचे छिद्र, एफ/५.६च्या पुढे उघडत नाही (आकडा लहान तितके छिद्र मोठे). हॉलच्या नेहमीच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ३२०० ठेवूनही शटर १/३०वर येते. १/३०मध्ये पडणारी अक्षता दहा-बारा सेंटिमीटर सरकते, त्यामुळे फोटोत तिची फिकट रेघ उमटते किंवा काहीच उमटत नाही, आणि नवरानवरीचे चेहरेही हललेले येतात. यावर बहुतेक जण बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बदलतात. खरे तर दहा हजारांच्या आसपास मिळणारी ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स त्याच बॉडीला लावली तर उजेड जवळजवळ दहापट आत येतो आणि शटर १/२५०च्या वर जाते.

मात्र इथे दोन गोष्टी बिघडू शकतात. पहिली फोकसची. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तीन मीटरवरून, एफ/१.८ला स्पष्ट दिसणारी खोली सुमारे २५ सेंटिमीटर असते. नवरीच्या पाठीमागे तिरपे उभे राहून फोटो काढला तर एकाच चेहऱ्याला फोकस मिळतो. दोघांच्या मधोमध, बाजूला, दोन्ही चेहरे सारख्याच अंतरावर येतील असे उभे राहायचे आणि ॲपर्चर एफ/२.८ ठेवायचे, खोली ४० सेंटिमीटरपर्यंत जाते. ही जागा आधी हेरून भटजींना आणि व्हिडिओवाल्याला सांगून ठेवावी लागते. ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. दुसरी गोष्ट दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मिचमिचतात. शटर १/१००च्या पुढे गेले की एक फोटो उजळ, पुढचा अंधुक, आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर चेहऱ्यांवर आडवे पट्टे, असे प्रकार सुरू होतात. नव्या मिररलेसवर नाटकाचे फोटो काढणाऱ्यांना हे पट्टे चांगलेच ओळखीचे आहेत. अशा वेळी मेकॅनिकल शटर वापरावे आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती चालू करावी; नाहीतर १/१०० किंवा १/५०वर येऊन हलण्याचा धोका पत्करावा.

अक्षतांचा दाणा न् दाणा हवा असेल तर पाच-सहा हजारांचा साधा मॅन्युअल फ्लॅश लाखाच्या बॉडीपेक्षा उपयोगी पडतो. कमी पॉवरवर त्याचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो, त्यामुळे दाणे हवेत थिजतात. शटर मात्र १/२००च्या पुढे नेऊ नये, नाहीतर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. फ्लॅशचे तोंड पांढऱ्या छताकडे करायचे. वर पिवळ्या-गुलाबी कापडाचा मांडव असेल तर तोच रंग सगळ्यांच्या तोंडाला फासला जातो. मग जवळची पांढरी भिंत शोधावी, किंवा सहाय्यकाच्या हाती थर्माकोलचा मोठा तक्ता देऊन झोत त्यावर टाकावा.

मोबाइलवर तोंडसुख घेणाऱ्यांनी आधी छपाईचा हिशेब करून पाहावा. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला २०० पिक्सेल पुरतात. पहिल्या पानाच्या पूर्ण रुंदीचा, म्हणजे ३३ सेंटिमीटरचा फोटो छापायला २६०० पिक्सेल लागतात; उंची धरून साडेचार मेगापिक्सेल. प्रदर्शनातली १२×१८ इंची प्रिंट हातभर अंतरावरून पाहायची असते, तिला २४००×३६०० पुरे. मोबाइलची १२ मेगापिक्सेलची फाइल दोन्हींना उरते. तेव्हा अडचण मेगापिक्सेलची नाही, सेन्सरच्या क्षेत्रफळाची आहे. फुल-फ्रेम सेन्सर ८६४ चौरस मिलिमीटरचा, एपीएस-सी साधारण ३६५चा आणि बऱ्यापैकी मोबाइलचा ७०-८०चा. कमी पडणारा उजेड मोबाइल एकामागून एक काढलेले अनेक फोटो जुळवून भरून काढतो. त्यामुळे मंदिराच्या दीपमाळेचा रात्रीचा फोटो सुरेख येतो, आणि तिथेच ढोल वाजवणाऱ्याच्या हातातल्या टिपरूच्या तीन सावल्या दिसतात. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमधला मागचा धूसरपणाही लेन्सचा नसून हिशेबाने बनवलेला असतो. नथीचे मोती, गजऱ्याची कड, चष्म्याची काडी तो बिनदिक्कत खाऊन टाकतो. उलट कासच्या पठारावरच्या नखाएवढ्या फुलाला हाच छोटा सेन्सर वरदान ठरतो. मोठ्या सेन्सरवर एक पाकळी फोकसमध्ये येते तिथे मोबाइलमध्ये अख्खे फूल येते. मोबाइलचा फोटो दुधाळ आला तर कंपनीला दोष देण्याआधी लेन्सवरचा बोटांचा तेलकटपणा पुसावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक हे कॅमेरे वापरले. रोलायफ्लेक्सच्या एका रोलवर १२ फोटो, झूम नाही. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की फेकायचा. त्यांचे उदाहरण देऊन ‘साधनाला किंमत नाही’ म्हणणारे एक विसरतात, की हे कॅमेरे त्या काळातल्या वृत्तछायाचित्रकारांचे पक्के, व्यावसायिक साधन होते. पत्रकाराला ते लागतच होते. त्या साधनाच्या मर्यादा मात्र त्यांना पाठ होत्या, आणि बारा फोटोंत काम भागवायचे तर कुठे उभे राहायचे हे आधी ठरवणे भागच होते.

मुलाने किंवा मुलीने फोटोग्राफी शिकायची म्हटले की पालक थेट लाखाचा कॅमेरा पाहायला जातात, म्हणून थोडे खरेदीविषयी. जुनी, चांगल्या अवस्थेतली बॉडी आधी, मग ५० एफ/१.८, मग फ्लॅश, मग हलकी नसलेली तिवई, जादा बॅटरी आणि दोन कार्डे. नवी बॉडी सगळ्यांत शेवटी. जुना कॅमेरा घेताना चार गोष्टी दुकानातच तपासाव्यात. शटर किती वेळा उडाले ते पाहावे. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचे शटर सुमारे एक लाख वेळा चालेल असे धरतात. एफ/१६वर पांढऱ्या भिंतीचा फोटो, मुद्दाम फोकस बिघडवून, काढावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी कळते. झाकण लावून ३० सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे. रंगीत ठिपके चमकले तर ते पिक्सेल बिघडलेले. आणि लेन्समधून तिरपी टॉर्च मारावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी, किंमत कितीही पाडली तरी ती लेन्स घेऊ नये.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा बुरशीचा प्रश्न फार मोठा होतो. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवलेली महागडी लेन्स सगळ्यांत आधी खराब होते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान हवा. निळे जेल गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येते, पण त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते.

तर आयोजकांना विनंती अशी. ‘डीएसएलआर’ हा शब्द नियमांतून काढून टाकावा. त्याजागी मूळ फाइल मागावी, मोठी बाजू किमान ३६०० पिक्सेल असावी आणि ती ईमेलने यावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली शटर-ॲपर्चरची नोंदही जाते. तिथून पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. अंतिम फेरीतल्या स्पर्धकांकडून रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ नोंद), मोबाइल असेल तर त्याच वेळचे मागचे-पुढचे दोन फोटो मागावेत. संगणकाने बनवलेले चित्र पकडायला कॅमेऱ्याच्या अटीपेक्षा हे अधिक कामाला येईल, कारण बनवलेल्या चित्राला मागचा-पुढचा क्षण नसतो. परीक्षकांपुढच्या प्रिंटच्या मागे फक्त क्रमांक असावा. कॅमेरा, लेन्स, शटर, ॲपर्चर आणि आयएसओ हे सगळे निकालानंतर प्रदर्शनात फोटोखाली लिहावे, म्हणजे नव्याने शिकणाऱ्यांना ते उतरवून घेता येईल.

– एक छायाचित्रण प्रशिक्षक, सातारा