आजीच्या लुगड्यांची वाकळ

चि. सोनू यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीच्या पेटीतलं सामान पार्सलने पाठवलं आहे. दोन गिरणीची लुगडी, एक इरकली आणि आजोबांच्या धोतरजोडीतलं एक पान. सोबत सुया, अंगुस्तान आणि मेणाचा खडा वेगळ्या पुडीत आहे. तू फोनवर विचारलंस की वाकळ मशिनवर शिवून घेतली तर चालेल का. नको रे. मशिनचा टाका बारीक आणि घट्ट बसतो. नव्या कापडाला तो शोभतो, पण इतक्या वर्षांच्या सुताला एका ओळीत शेकडो भोकं पडली की कापड त्याच ओळीवर फाटतं. शिवाय वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ होते, अंगाला बिलगत नाही. हाताचा टाका सैल असतो, म्हणून थर एकमेकांवर थोडे हलतात आणि त्यांच्या मधल्या हवेमुळेच ऊब राहते.

पुण्याकडे गोधडी म्हणतात, आपल्याकडे वाकळ. एका लुगड्याच्या चार घड्यांची ती चौघडी, तान्ह्या बाळाचं ते दुपटं.

कापायची घाई करू नकोस. आधी सगळं धू. दहा-बारा रिठे फोडून बिया काढ, रात्रभर लिटरभर पाण्यात भिजव आणि सकाळी कुस्करून गाळून घे. ते पाणी अर्ध्या बादलीत घालून त्यात एकावेळी एकच लुगडं बुडव. घासू नको, पिळू नको, नुसतं दाबून काढ. पेटीतल्या कापडात खळ आणि घामाचे डाग राहिलेले असतात आणि कसर त्यावरच येते. धुण्याआधी लाल आणि हिरव्या भागाचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ. रंग उतरला तर मिठाच्या पाण्यात भिजवायला कुणीतरी सांगेल. मिठाने सैल रंग बसत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत ते लुगडं वेगळं धुवत राहायचं, एवढंच. ही पायरी टाळलीस तर आजोबांचं पांढरं धोतर पहिल्याच धुण्यात गुलाबी होईल.

वाळल्यावर लुगडं खिडकीसमोर उजेडात धर. जिथे जाळीसारखं दिसेल ते विरलेलं. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड हलकेच ताण, आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या. चांगलं सूत थोडं देतं आणि परत येतं. कुजलेलं कर्र आवाज करून सुटतं. नऊवारी बहुतेक मागे कासोट्याच्या जागी आणि पायाशी घोट्याला घासून विरते, तिथे आधी बघ. विरलेला तुकडा टाकून देऊ नको, तो मधल्या थरात चालतो. कुजलेला मात्र कुठेच घालू नको, कारण त्यात टाका धरत नाही.

आता माप. लुगडं नऊ वार, म्हणजे ३२४ इंच. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक ८१ इंच लांब होतो, एका माणसाला पुरेसा. या दोन्ही लुगड्यांचा पन्हा मी मोजला, ४७ इंच भरला. दोन्ही बाजूंचे दोन-दोन इंचांचे काठ उतरवले की ४३ उरतात. काठ आत ठेवून शिवायचा मोह होईल, पण काठाचं विणकाम दाट असतं, सुई अडते आणि तिथे कापड ताठ राहतं. ते काठ शेवटी चारी बाजूंच्या पट्टीला वापरायचे. तुकडे कात्रीने करण्यापेक्षा कडेला इंचभर कापून हाताने फाड. कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री तिरकी जाते, आणि तिरपा तुकडा धुतल्यावर एका कोपऱ्याकडे ओढतो. विरलेल्या भागापाशी मात्र कात्रीच घे.

एका लुगड्याचे चार थर आणि धोतराचे दोन, असे सहा थर होतील. धोतराचं पान साडेचार वार आहे, त्याचे ८१ इंचांचे बरोबर दोन तुकडे होतात. त्यांची रुंदी बाकीच्यांइतकी करून घे. चार थर पावसाळ्यापुरते झाले, सहा थर थंडीला. सातच्या वर गेलास तर सुई ओढायला पक्कड लागेल. उरलेलं दुसरं लुगडं ठिगळांना आणि पुढच्या वाकळेला ठेव.

मधल्या थरात नवीन कापड घालू नको. घालायचंच असेल तर आधी दोनदा गरम पाण्यात धू. नवीन सूत आटतं, जुनं आटून झालेलं असतं. दोन्ही एकत्र शिवून धुतलं की नवीन आकसतं आणि वरच्या जुन्या थराला चुण्या पडतात. पॉलिएस्टरची ओढणी, नायलॉनची साडी अजिबात नको. घाम शोषत नाही आणि थरांतून घसरते. कापड कशाचं आहे कळत नसेल तर एक धागा काढून चिमट्यात धर आणि जाळ. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राखाडी भुकटी होते. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. जुन्या बाजारातून पुढे कधी लुगडं घेतलंस तर हीच परीक्षा कर, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नको.

मांडणी जमिनीवरच कर, पलंगावर नको, गादी दबते आणि कापड झोळ धरतं. फरशी पुसून कोरडी कर. सगळ्यात खालचा तुकडा चांगली बाजू जमिनीकडे ठेवून पसर आणि चारी कोपरे चिकटपट्टीने फरशीला लाव. ताणायचं नाही, फक्त सपाट करायचं. त्यावर एकेक थर, आणि प्रत्येक थरावर दोन्ही तळहात मधून कडेकडे फिरव. मधल्या थरात जोड आला तर तुकडे एकमेकांना भिडव, एकावर एक चढवू नको. चढवलेस तर तिथे वळ येतो आणि झोपल्यावर पाठीला टोचतो. सगळ्यात वरचा तुकडा सर्वांत चांगला निवड.

मग टाचून घे. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण वाकळ इथेच बनते किंवा बिघडते. पांढऱ्या कच्च्या दोऱ्याने बोटभर लांबीचे टाके, मध्यापासून सुरू करून कडेपर्यंत, एकेक वीत अंतरावर, आधी उभे, मग आडवे. टाचताना सैल कापड कडेकडे सरकत जातं आणि बाहेर निघून जातं. कडेकडून आत आलास तर तेच सैल कापड मधे कोंडतं आणि वाकळेला पोट येतं. एकदा पोट आलं की उसवण्याशिवाय उपाय नाही.

सुई दोन-अडीच इंचांची, मोठ्या नेढ्याची. दाभण घेऊ नको, त्याने धागे तुटतात. दोरा जाड सुती. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही हे खरं, पण तो जुनं कापड कापतो. दोरा फाटला तर परत घालता येतो, कापड फाटलं तर काय करशील? दीड हात लांब दोरा घे, मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढ. त्याहून लांब घेतलास तर तो दर खेपेला कापडातून घासून पिंजतो आणि गाठी धरतो.

टाका साधा धावदोऱ्याचा, वर पाव इंच, खाली पाव इंच. ओळींत पाऊण इंच अंतर. लांबीच्या दिशेने मधोमध पहिली ओळ घाल, मग एक तिच्या डावीकडे, एक उजवीकडे, असं कडेपर्यंत जा. ४३ इंचांत ५७ ओळी बसतील, टाके नऊ हजारांवर जातील आणि दोनशेवर वेळा सुई ओवावी लागेल. त्याला साधारण १६० मीटर दोरा लागतो. रोज तासभर बसलास तर महिना धर.

डावा हात कापडाखाली ठेव. सुईचं टोक बोटाला लागलं म्हणजे खालचा थर आला. सुईवर तीन-चार टाके घ्यायचे, मग अंगुस्तानाने ढकलायचं. दोरा कापडावर टेकेपर्यंतच ओढ. अजून ओढलास की चुणी पडलीच. प्रत्येक ओळ संपली की तिच्यावरून अंगठा दाबून फिरव, म्हणजे आवळलेला दोरा सारखा होतो. गाठ वर दिसू देऊ नको. सुई दोन थरांच्या मधून घालून हलका झटका दे, गाठ आत जाते. मग एक उलट टाका घेऊन पुढे चाल. दर पाचव्या ओळीनंतर वाकळ उलटून बघ. नवख्या हाताचा खालचा थर हमखास सुटतो आणि वीस ओळींनंतर कळलं तर जीव रडकुंडीला येतो.

कडेकडून सुरू करून चौकोनात चौकोन भरत मधे येण्याचीही एक जुनी रीत आहे. कर्नाटकातल्या कारवार भागातले सिद्दी लोक त्यांची कवंदी अशीच शिवतात आणि कोपऱ्यांना घडीची त्रिकोणी फुलं लावतात. दिसायला फार देखणी. पण त्याला सैल कापड बोटाने चाचपत पुढे ढकलायची सवय लागते. पहिली वाकळ तू सरळ ओळींचीच कर.

शेवटी कडा सारख्या कापून काठाची पट्टी लाव. चारी बाजू मिळून २४८ इंच, म्हणजे सात वारांच्या आत. एका लुगड्याचे दोन काठ अठरा वार, पुरून उरतील. पट्टी मधे दुमडून वाकळेची कड तिच्या आत घाल. कोपऱ्यावर पट्टी कापू नको, घडी घालून वळव. वाकळ आधी कोपऱ्यात फाटते. टाचणीचे टाके पट्टी लागल्यावरच काढ.

इरकली मात्र यात घालू नको. त्याचं अंग सुती आहे, पण काठ आणि टोपपदर रेशमी, धुण्यात दोन्ही वेगळे वागतात. ते लुगडं तसंच ठेव. जुन्या सुती कापडात गुंडाळून, सोबत वेखंडाचे दोन तुकडे, आणि दर तीन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर कापड घडीवरच तुटतं. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमटपणा आत कोंडून बुरशी येते. लोखंडी ट्रंकेत ठेवलंस तर खाली चादर घाल, गंजाचा डाग निघत नाही.

वाकळ वर्षातून एकदा धुतली तरी पुरे. आपल्याकडे घटस्थापनेआधी धुतात, पाऊस ओसरलेला असतो आणि ऊन मिळतं. ओली वाकळ एका दोरीवर टाकू नको, तिच्याच वजनाने मधली टाकाओळ ताणते. दोन समांतर दोऱ्यांवर पसर. फाटलं तर फाटका भाग काढायचा नाही, त्याच्यावर ठिगळ ठेवायचं, भोकाच्या चारी बाजूंना दोन-दोन बोटं जास्त, म्हणजे टाका चांगल्या कापडात पडतो.

पहिल्या तीन ओळी झाल्या की उलट्या बाजूचा फोटो पाठव. खालचे टाके बघितल्याशिवाय पुढे जाऊ नको.

तुझी,
आई

ता. क. उरलेले तुकडे बोहारणीला देऊ नकोस. एका पातेल्यासाठी हे सूत जाईल. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पांढऱ्या लुगड्याच्या टोकाला गिरणीचा पुसट निळा छाप आहे. तेवढा तुकडा फाडताना जपून घे आणि वाकळेच्या मागच्या बाजूला, पायाकडच्या कोपऱ्यात येईल असा लाव.