लाकडी फ्लोअरिंग स्लॅबवर ठोकता येत नाही

महोदय,

आपल्या वास्तू पुरवणीतील लाकडी फ्लोअरिंगवरचा लेख वाचला. लॅमिनेट, इंजिनिअर्ड (प्लायवुडसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ थर) आणि सॉलिड म्हणजे अख्खं लाकूड, सगळं त्यात एकाच माळेत ओवलं आहे आणि वर ‘घरच्यांनी मिळून एका दिवसात बसवा’ हा सल्ला! म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी न्यू जर्सीत मुलाच्या घरी आम्ही सगळ्यांनी मिळून दिवाणखान्यात रेड ओकच्या पट्ट्या बसवल्या. पाऊण इंच जाड, सव्वादोन इंच रुंद. खोकी उघडून आधी बरेच दिवस त्याच खोलीत ठेवली होती. सूनबाई मीटर टोचून पट्टीतला आणि खालच्या प्लायवुडमधला ओलावा मोजायची. फरक चार टक्क्यांच्या आत आल्याशिवाय खिळा मारायचा नाही, हा तिथला नियम. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून भिंतीलगत पाऊण इंच फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकतात.

पट्ट्या जुळवायचं काम नातवाचं आणि माझं. दोन-तीन खोक्यांतल्या पट्ट्या मिसळायच्या, नाहीतर गडद-फिक्या रंगाचे ठिगळ दिसतात. शेजारच्या ओळींतले पट्ट्यांच्या टोकांचे सांधे एकमेकांपासून निदान सहा इंच दूर हवेत. “आजी, पाच इंच आहे, चालेल?” असं तो दर थोड्या वेळाने विचारी. चालत नसे. मुलगा हवेच्या दाबावरच्या यंत्रावर रबरी हातोडा हाणायचा आणि खिळा पट्टीच्या कडेतून तिरका आत जायचा. कानठळ्या बसवणारं प्रकरण. भिंतीजवळ ते यंत्र मावत नाही, तिथल्या ओळी हातानेच ठोकल्या. (हौस नंतरची, तिथली मजुरी ऐकली की कोणीही हातोडा उचलेल.)

पण हे जमलं, कारण खाली लाकडी वासे होते आणि त्यांवर प्लायवुड. डोंबिवलीत आमच्या पायाखाली काँक्रीटचा स्लॅब आहे. त्यात हे खिळे जात नाहीत, शिवाय काँक्रीटमधून ओल वर येते ती वेगळीच. स्लॅबवर चालतं ते इंजिनिअर्ड किंवा लॅमिनेट. लॅमिनेटचा गाभा लाकडाचे तंतू दाबून केलेला असतो. सांध्यात पाणी शिरलं की कडा फुगतात, आणि सॉलिड लाकडासारखं घासून ते पुन्हा नवं करता येत नाही. आपल्याकडे तर रोज बादली-फडकं घेऊन लादी पुसली जाते, आणि जुलैत कपडेसुद्धा वाळत नाहीत. लेखात यातलं एक अक्षर नाही. वाळवीचंही नाही.

कोणत्या जमिनीवर काय बसतं आणि पावसाळ्यात त्याचं काय करायचं, एवढं तरी पुढच्या पुरवणीत छापावं. आमच्या शेजाऱ्यांनी लेखाचं कात्रण काढून ठेवलंय आणि गणपती झाले की काम काढणार आहेत. त्याआधी आलं तर बरं.

— एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)