नामचेचा दुसरा मुक्काम कापू नका

मा. संपादक,
स. न.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात आणि दरवर्षी त्यांतले दिवस कमी होत जातात. जेवण, फोटो, प्रमाणपत्र, सगळ्याचा उल्लेख असतो. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे आहे, तेवढे मात्र लिहिलेले नसते. नेपाळमधल्या खुंबू भागात जाणाऱ्याच्या जिवाशी संबंध असलेला आकडा तोच आहे, म्हणून हे पत्र.

जिथे विमानाने उतरून चालायला सुरुवात होते, ते लुक्ला साधारण २,८६० मीटरवर आहे. पुढे वाटेवर नामचे बाजार ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४ आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटर. बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण तेच असते, पण दर श्वासाला मिळतो निम्मा. शरीर आधी श्वासाचा वेग वाढवून हे निभावते आणि मग मूत्रपिंडे रक्तातला तोल सावरतात. या दुसऱ्या कामाला दिवस लागतात. दम कितीही असो, ते लवकर उरकत नाही. सह्याद्रीतले सगळे गड चढून आलेला तरुण इथे आडवा पडतो आणि साठीचे गृहस्थ रमतगमत पोहोचतात, कारण तरुण भराभर वर गेलेला असतो.

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र जादा त्याच उंचीवर काढायची. दिवसा त्याहून वर चढून परत खाली झोपायला आले तर उत्तमच. या हिशेबाने पहिली रात्र फाकदिंगला (२,६१०), दुसरी-तिसरी नामचेला, चौथी तेंगबोचेला, पाचवी-सहावी दिंगबोचेला, सातवी लोबुचेला, आठवी गोरक्षेपला. परतीला तीन दिवस धरले की लुक्ला ते लुक्ला अकरा रात्री होतात. याही आराखड्यात दिंगबोचे आणि लोबुचेच्या उड्या ५०० च्या किंचित वर जातात. म्हणून चौथी रात्र पांगबोचेला (३,९८५) किंवा लोबुचेच्या आधी एक रात्र थुकलाला (४,६२०) काढता आली तर अधिक बरे.

आता हे बिघडते कुठे ते सांगतो. बहुतेक वेळा ते डोंगरात बिघडतच नाही, विमानतळावर बिघडते. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब, सुमारे १२ टक्के चढाची, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. विमान डोळ्यांनी पाहून उतरवावे लागते. ढग आले की उड्डाण बंद, म्हणून जवळजवळ सगळी विमाने सकाळी जातात. गर्दीच्या हंगामात ती काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात आणि तिथे पोहोचायला रात्रीच गाडीने चार-पाच तासांचा घाटरस्ता कापावा लागतो. एक-दोन दिवस अडकून पडणे हे इथे नेहमीचेच. पण गटाचे परतीचे तिकीट ठरलेले असते. गेलेले दिवस कुठून तरी भरून काढायचे, म्हणून वेळापत्रकात ‘विश्रांती’ असे लिहिलेल्या दोन दिवसांवर पहिली काट बसते. कधी फाकदिंग टाळून पहिल्याच दिवशी गटाला थेट नामचेला नेतात. म्हणजे काठमांडूच्या १,४०० मीटरवरून निघालेला माणूस त्याच रात्री ३,४४० वर झोपतो. त्याची डोकेदुखी तिथेच सुरू होते आणि पुढच्या चढाला ती सोबत जाते. म्हणून राखीव दिवस लुक्लाच्या दोन्ही बाजूंना हवेत, किमान दोन, आणि परतीचे तिकीट बदलता येणारे हवे. इतकी रजा नसेल तर बेस कॅम्प सोडून द्यावा आणि तेंगबोचेपर्यंत जाऊन परतावे. तेंगबोचेहून एव्हरेस्ट, ल्होत्से आणि अमा दब्लम तिन्ही दिसतात.

आणि ज्याला ‘विश्रांती’ म्हणून कापले जाते, तो दिवस खोलीत झोपून काढायचा नसतोच. नामचेच्या वरचा खडा चढ चढून स्यांगबोचेच्या जुन्या धावपट्टीवरून दीड-दोन तासांत खुमजुंगला (३,७९०) पोहोचता येते. शेजारीच खुंदे आहे, ३,८४० मीटरवर. दोन्ही गावे हिंडून संध्याकाळी नामचेला झोपायला परत आले की फुप्फुसांचे काम होते. शिवाय शेर्पांचे गाव पाहणे होते, जे नामचेच्या दुकानांच्या गर्दीत होत नाही. खुमजुंगला दगडी कुंपणांच्या आत बटाट्याची शेते आहेत. बटाटा या भागात एकोणिसाव्या शतकात आला आणि तोच इथल्या ताटाचा आधार झाला. काढणीनंतर तो जमिनीत खड्डे करून पुरून ठेवतात, म्हणजे थंडीत गोठत नाही. किसलेल्या बटाट्याचे जाड धिरडे, रिगी कुर, लोणी लावून गरम खावे. शेणाच्या गोवऱ्या दगडी भिंतींवर थापून वाळवलेल्या दिसतात, कारण झाडोऱ्याच्या वरच्या गावांत सरपण तेच. गावावर खुंबिला हे शिखर आहे. ते या खोऱ्याचे दैवत, त्यावर कोणी चढत नाही. एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये उभी राहिलेली शाळा खुमजुंगला आहे आणि १९६६ चे रुग्णालय खुंदेला.

गावाच्या वाटेवर कोरीव मंत्रांच्या शिळा रचलेल्या लांब मणी-भिंती लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे. घरात चुलीत कचरा टाकायचा नाही, ती जागा पवित्र मानतात. याक किंवा झोप्क्यो (याक आणि गायीचा संकर) समोरून आले तर डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभे राहायचे, दरीच्या बाजूला कधीही नाही. पाठीवरच्या ओझ्याचा धक्का माणसाला सहज खाली लोटतो. झुलत्या पुलावर जनावरे चढली असतील तर ती पार होईपर्यंत अलीकडेच थांबावे.

दिंगबोचेचा दुसरा दिवसही असाच वापरायचा. गावामागच्या नांगकारत्शांगच्या धारेवर जमेल तेवढे चढायचे, माथा साधारण ५,००० मीटरवर आहे, आणि परत यायचे. पाय थकलेले असतील तर छुखुंगच्या दिशेने सावकाश फेरी पुरते. दिवसभर पांघरुणात पडून राहणे मात्र उपयोगाचे नाही.

आता लक्षणांबद्दल. नव्याने उंची गाठल्यावर डोके दुखते आहे आणि सोबत मळमळ, गळाठा किंवा गरगरणे आहे, तर ते उंचीचेच समजून चालावे. पित्त, ऊन, काल रात्रीचे जेवण ही कारणे नंतर शोधावीत. अशा माणसाने त्या दिवशी वर जायचे नाही. दुसऱ्या दिवशी उतार पडला नाही तर खाली यायचे. धोक्याच्या खुणा दोन. पहिली, बसल्या जागी धाप लागणे. चढावर सगळ्यांनाच लागते, पण पाच मिनिटे बसूनही श्वास खाली येत नसेल, खोकला कोरडा आणि हट्टी असेल, तर फुप्फुसांत पाणी साठू लागले आहे. हे बहुधा रात्री वाढते. दुसरी, तोल जाणे. जमिनीवर सरळ रेघ धरून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत दहा पावले चालायला सांगा. पाय रेघेबाहेर पडला, हात पसरावे लागले, तर मेंदूला सूज येऊ लागली आहे असे धरून त्याच वेळी, अंधार असला तरी, सोबत देऊन खाली न्यायचे. पाचशे ते हजार मीटर उतरल्यावर बहुधा फरक दिसू लागतो. गोरक्षेपहून फेरिचे तेवढेच खाली आहे. तिथे १९७३ पासून हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र चालते. हंगामात डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात, ते ऐकूनच पुढे जावे.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नये. गारठलेल्या बोटावर आकडा चुकतो आणि एकाच उंचीवर दोन धडधाकट माणसांचे आकडे वेगळे येतात. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी डॉक्टरला विचारून घ्यावी. प्रतिबंधाची नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगावे. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, हे अपेक्षितच. डायमॉक्स लक्षणे लपवते हा गैरसमज आहे, ती शरीराच्या जुळवणीला वेग देते. लक्षणे झाकते ते डेक्सामेथासोन. ते खाली उतरवतानाचे औषध आहे, त्याच्या जोरावर माणसाला वर रेटणे हा गुन्हाच मानायला हवा. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही टाळावीत. हेलिकॉप्टर रात्री येत नाही, ढगांत येत नाही. विमा घेताना किती मीटरपर्यंत लागू आहे ते लेखी घ्यावे. अनेक पॉलिसींची मर्यादा नामचेच्याही खाली संपते.

शेवटचा मुद्दा भाषेचा आहे आणि माणसांचाही. आपल्या वृत्तपत्रांत ‘शेर्पा’ हा शब्द सर्रास हमाल या अर्थाने येतो. शेर्पा हे एका समाजाचे नाव आहे, पूर्व तिबेटमधून काही शतकांपूर्वी खुंबूत आलेल्या लोकांचे. सामान वाहणारे बरेचसे राई, तामांग, मगर असतात, खालच्या डोंगरांतून आलेले. त्यांनाही उंची तशीच बाधते, फक्त ते बोलत नाहीत, कारण मजुरी बुडते. डोक्याला नाम्लो (ओझे पेलणारा पट्टा), पाठीवर डोको (टोपली), हातात तोकमा. इंग्रजी टी अक्षरासारखी ही काठी डोकोखाली टेकवून तो माणूस उभ्या-उभ्या विसावा घेतो. ट्रेकिंगच्या हमालासाठी ३० किलोची मर्यादा ठरलेली आहे, त्याचे स्वतःचे सामान धरून. दोघांत एक हमाल असेल तर प्रत्येकाची डफल बॅग १२ किलोच्या वर जाता कामा नये. त्याचा विमा, उबदार कपडे आणि रात्रीच्या निवाऱ्याची सोय कोणी केली आहे, हे पैसे भरण्याआधी विचारावे. आणि दिवस कापले की तेच ओझे घेऊन तोही दुप्पट वेगाने वर जातो, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याला विनंती अशी की, अशा सहलींची जाहिरात स्वीकारताना तीन गोष्टी छापण्याचा आग्रह धरावा: प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची, राखीव दिवसांची संख्या आणि दर हमालामागे किती वजन. चार ओळींत मावणारी ही माहिती आहे. ती देता येत नसेल तर त्या आयोजकाला वाचकांनी फोन करून हेच तीन प्रश्न विचारावेत.

– हिमालयातील पदभ्रमणाशी संबंधित काही वाचक